पायी वारीतले फोड: पाणी काढा, साल ठेवा, दोरा नको

प्रश्न असा आहे: नाथांच्या पालखीबरोबर पैठणहून पंढरपूरला पायी जायचंय. मागच्या खेपेला तिसऱ्याच दिवशी टाचेला आणि चवड्याला फोड आले. दिंडीतल्या जाणत्या माणसाने सुईत दोरा ओवून तो फोडातून आरपार नेला आणि तसाच ठेवला. हे बरोबर आहे का? चाल न मोडता फोड बरा होतो का? या वेळी सोबत साठीतली आई आहे, तिला साखर आहे.

आधी थेट उत्तर. फोडातलं पाणी काढायला हरकत नाही, दोरा ठेवायला आहे. वरची साल अजिबात काढायची नाही. चाल चालू ठेवता येते, पण फोडावरचा दाब आणि घासणं दोन्ही थांबवता आलं तरच. आईसाठी यातलं सुईचं काहीही लागू नाही. तिचं पुढे वेगळं लिहितो.

दोरा ठेवण्यामागचा विचार वेडगळ नाही. भोक बुजलं की फोड परत भरतो, दोरा असला की पाणी झिरपत राहतं, एवढं खरंच. पण ज्या वाटेने पाणी बाहेर येतं त्याच वाटेने मोज्यातला घाम, धूळ आणि जंतू आत जातात, कारण सुती दोरा दोन्हीकडून ओल ओढतो. रात्री शाळेच्या ओट्यावर किंवा तंबूत मुक्काम, सकाळी चिखल. अशा ठिकाणी तो दोरा चोवीस तास जखमेत ठेवणं म्हणजे पू होण्याची सोय करणं. दोऱ्याचं काम दोन-तीन बारीक भोकं करतात.

आता कोणता फोड फोडायचा? शेंगदाण्याएवढा, मऊ, न दुखणारा आणि वजन न येणाऱ्या जागी असेल तर त्याला हात लावू नका. नुसता झाका. रुपयाच्या नाण्याएवढा किंवा मोठा, टरटरून फुगलेला, पाऊल टेकताच कळ येणारा असेल तर तो आज ना उद्या बुटात आपोआप फुटणारच, आणि तसा फुटला की साल फाटते. म्हणून तो आपणच स्वच्छपणे रिता केलेला बरा. रक्ताचा, काळपट-लाल फोड असेल तर सुई लावू नका. तो खोल असतो आणि जंतू सरळ रक्ताजवळ पोचतात. त्याच्याभोवती गादी लावून दाब हटवा.

रिता करायची योग्य वेळ मुक्कामावर पोचल्यानंतरची, कारण त्यानंतर पायाला रात्रभर कोरडं राहता येतं. हात साबणाने धुवा, पाय साबणाने धुवा, बोटांची बेचकीसुद्धा, आणि पुसून कोरडा करा. फोडावर आणि भोवताली पोव्हिडोन आयोडिनचं द्रावण लावून ते वाळू द्या, दोनेक मिनिटं. इथे घाई होते आणि सगळा फायदा तिथेच जातो. आयोडिन ओलं असतानाच टोचलं तर त्याला काम करायला वेळ मिळत नाही. सुई मेडिकलवरची, सीलबंद, 26 नंबरची इंजेक्शनची. कपड्यात खोचलेली पिन किंवा शिवणाची सुई काडीवर तापवून वापरतात, तिला काजळी धरते आणि ती काजळी सालीखाली जाऊन बसते. फोडाच्या मधोमध टोचू नका. कडेला, जिथे फोड आणि चांगली त्वचा मिळते तिथे, सुई जवळजवळ आडवी धरून टोचा. वरच्या बाजूला नव्हे, पाऊल टेकल्यावर पाणी जिकडे ढकललं जाईल त्या बाजूला, दोन-तीन भोकं. मग स्वच्छ गॉजने विरुद्ध बाजूकडून हळू दाबत पाणी बाहेर काढा. पाणी स्वच्छ किंवा फिकट पिवळसर असतं. गढूळ, घट्ट, वास मारणारं असेल तर तो पू आहे आणि ते काम डॉक्टरांचं.

साल परत खाली चिकटवायची आहे, हे ध्यानात ठेवून काम करा. पाणी गेल्यावर ती बोटाने सपाट बसवा, आयोडिनच्या मलमाचा पातळ थर द्या, वर न चिकटणारी जाळी (पॅराफिनची, मेडिकलवर ‘बॅक्टिग्रास’ मागितलं तरी मिळते), तिच्यावर गॉज आणि मग टेप. सकाळी बघा. परत भरला असेल तर पुन्हा तेवढंच. पहिल्या चोवीस तासांत दोन-तीनदा रिता केलेल्या फोडाची साल बहुतेक वेळा खाली धरते. खालची नवी त्वचा तयार व्हायला साधारण दोन दिवस लागतात आणि वरचा टणक थर यायला पाचेक दिवस. ते पाच दिवस जुनी साल हेच तुमचं सगळ्यात चांगलं ड्रेसिंग. ती ओढून काढली की खालचा लालबुंद भाग उघडा पडतो, मग पंढरपूरपर्यंत प्रत्येक पावलाला त्याची आठवण होते.

साल आधीच फाटली असेल तर? चिकटलेली आणि स्वच्छ असेल तर वाहत्या पाण्याने धुऊन परत पसरवा. लोंबणारी, मळकी, चुरगळलेली असेल तर तेवढीच बारीक कात्रीने कापा. उघड्या भागावर स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साईड ओतू नका. आग तर होतेच, वर नवीन येणाऱ्या पेशीही मरतात. हळदपूड, टूथपेस्ट, चुना, तंबाखू, राख हे सगळं वाटेवर कुणी ना कुणी प्रेमाने आणून देतं. हात जोडून नको म्हणा.

बिब्ब्याचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या मराठवाड्यात भेगांना, कुरुपाला, काटा मोडलेल्या जागी बिब्बा तापवून त्याचं तेल लावायची सवय अजून आहे. ते तेल त्वचा जाळतं. बिब्बा उतला की चालण्याच्या फोडापेक्षा मोठे, खाजणारे, पसरत जाणारे फोड येतात आणि जिथे तेल लागलेला हात लागेल तिथेही येतात. फोडावर किंवा फोड येऊ नये म्हणून बिब्बा लावणं म्हणजे साध्या दुखण्याचं मोठं दुखणं करून घेणं.

इथवर आलेल्या फोडाचं झालं. पण खरी लढाई त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत असते, आणि ती समजायला फोड का येतो ते नीट कळलं पाहिजे. ‘गरम झालं म्हणून आला’ किंवा ‘पाय नाजूक म्हणून आला’ हे अर्धवट उत्तर. पाऊल टेकतं तेव्हा वरची त्वचा मोज्याला किंवा चपलेला धरून थांबते आणि आतलं हाड पुढे-मागे सरकतं. मधले थर ओढले जातात. हे ओढणं पुन्हा पुन्हा झालं की त्वचेच्या आतच एक थर दुसऱ्यापासून सुटतो आणि दीड-दोन तासांत त्या फटीत पाणी भरतं. 20 किलोमीटरच्या चालीत, पाऊल 70 सेंटिमीटरचं धरलं तर, एका पायाची 14 हजारांवर पावलं पडतात. तळवा आणि टाच इथली जाड त्वचा खालच्या भागाला घट्ट बांधलेली असते, म्हणून फोड तिथेच येतो. पायाच्या वरच्या पातळ त्वचेला घासलं तर ती नुसती सोलपटते.

ओलीचा भाग यात मोठा आहे. पूर्ण कोरडी त्वचा सरकते, पाण्याने निथळणारीही सरकते, पण घामाने दमट झालेली त्वचा मोज्याला चिकटून धरते. आपल्याकडच्या वारीत ही दमट अवस्था दिवसभर टिकते: ज्येष्ठाचा उकाडा, मधूनच सर, मग पुन्हा ऊन.

फाटण्याआधी ती जागा सांगते. चुरचुरतं, गरम लागतं, मोज्याची शिवण किंवा खडा असल्यासारखं वाटतं. हात लावला तर आसपासपेक्षा उष्ण, बघितलं तर लालसर. या क्षणी थांबायचं. पुढच्या विसाव्याला बघू, पालखी पुढे जाईल, विणेकरी काय म्हणतील, हे सगळे विचारच फोड देतात. बाजूला बसा, बूट-मोजा काढा, खडा-माती झटका, पाय पुसून दोन मिनिटं वाऱ्यावर धरा, त्या जागी टेप लावा, मोजा बदला. पाच मिनिटं जातात आणि तेवढ्यात दिंडी काही नजरेआड होत नाही.

टेप म्हणजे कागदी टेप, ‘मायक्रोपोर’ म्हणून मिळते ती, एक इंची. 2016 साली छापून आलेल्या एका अभ्यासात, टप्प्याटप्प्याने 250 किलोमीटर धावणाऱ्यांच्या पायाला आधीच अशी टेप लावून पाहिली, तर त्या जागचे फोड सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाले. महाग काहीच नाही. कापडी चिकटपट्टी जास्त धरते खरी, पण काढताना सालही घेऊन येते, म्हणून नाजूक जागी कागदीच बरी.

टेप लावण्यात बऱ्याच जणांचं काम बिघडतं. त्वचा धुतलेली आणि पूर्ण कोरडी हवी. रात्री पाय चेपताना चोळलेलं खोबरेल सकाळी तळव्यावर असेल तर टेप तासाभरात गोळा होते आणि तो गोळाच नवा फोड करतो. त्यामुळे तेल पोटऱ्यांना लावा, पावलांना नको, किंवा सकाळी साबणाने धुवा. पट्टीचे चारही कोपरे कात्रीने गोल करा, कारण टोकदार कोपरा मोज्याला अडकून उलटतो. दुखऱ्या जागेच्या पुढे सगळीकडून दोन सेंटिमीटर जायला हवी. टाचेसाठी पाऊल काटकोनात धरून तीन आडव्या पट्ट्या, प्रत्येक आधीचीवर एक तृतीयांश चढवलेली. पाऊल सैल सोडून लावली तर चालताना ताण येऊन सुटते. पट्टी ओढून लावू नका, ठेवा आणि तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरा. बोटाला आधी एक पट्टी टोकावरून पुढून-मागे, मग एक भोवती, पण करकचून नाही. बोट दिवसभरात सुजतं. एकही सुरकुती राहिली तर ती पट्टी काढून दुसरी लावा. फोडाच्या सालीवर टेप थेट कधीच चिकटवू नका, मध्ये जाळी हवी. काढताना संध्याकाळी पाण्याने भिजवून, त्वचेला समांतर, हळू.

वजनाच्या जागी, म्हणजे चवड्याखाली, टेप पुरत नाही. तिथे दाब हटवावा लागतो. चप्पल-बुटाच्या दुकानात मिळणारा फोमचा सोल घ्या. फोडावरच्या पट्टीवर ओल्या कुंकवाचा ठिपका लावा, सोल बुटात घालून त्यावर उभे राहा, बूट काढा. ठिपका सोलवर उमटलेला असतो. त्याच्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर मोठं भोक कापा, कडा तिरक्या करा, सोल परत बसवा. फोड भोकात येतो आणि वजन भोवतालच्या फोमवर जातं. ही युक्ती टेपपेक्षाही उपयोगी आहे आणि फार थोडे लोक वापरतात.

फोड कुठे आला यावरून पादत्राणात काय चुकलं ते कळतं. टाचेच्या मागे आला तर टाच उचलली जातेय: नाडी वरच्या शेवटच्या भोकातून त्याच बाजूला ओवून छोटा फासा करा, दुसऱ्या बाजूची नाडी त्यातून काढून ओढा, घोटा बसतो. चवड्याखाली आला तर पाऊल आत पुढे-मागे सरकतंय, बूट किंवा सँडल सैल आहे. करंगळीला आला तर बूट अरुंद. नख काळं पडलं तर बूट आखूड, किंवा नखं वाढलेली. अंगठ्याच्या बेचक्यात आला तर स्लीपरचा पट्टा. 20 किलोमीटर स्लीपरवर चालणं हाच मुळात वाईट सौदा, कारण ती पायात धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात. मागे पट्टा असलेली सँडल बरी. बूट घ्यायचा तर संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, वापरायचा तोच मोजा घालून, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवून. आणि निघायच्या आदल्या आठवड्यात नवा बूट नको. नवा बूट चावतो, हे सगळ्यांना माहीत असूनही दरवर्षी दिंडीत चकचकीत बूट दिसतातच.

मोजे: शंभर टक्के सुती मोजा घाम पितो आणि धरून ठेवतो. नायलॉन-पॉलिस्टर मिश्रण लवकर वाळतं. आत पातळ नायलॉनचा आणि वर जरा जाड असे दोन घातले तर सरकणं दोन मोज्यांमध्ये होतं, त्वचेत नाही. पण त्यासाठी बुटात जागा हवी. दिवसाला दोनदा बदला, ओला जोड पिशवीला बाहेरून पिनने लावून वाळवा.

व्हॅसलीनबद्दल मतं टोकाची आहेत. सुरुवातीला घर्षण कमी करतं, पण तासाभरात मुरतं, त्वचा नरम होते आणि घर्षण आधीपेक्षा वाढतं. लावायचं तर दर तासाला लावावं लागतं, आणि मुरमाच्या रस्त्यावर त्याला कच चिकटते. मांड्या घासतात तिथे लावा, पायाला टेपच. पावडरही घामात भिजली की तिचे गोळे होतात.

पाऊस लागला की प्रश्न बदलतो. भिजलेली त्वचा पांढरी, सुरकुतलेली, फुगलेली होते आणि मऊ पडून सहज फाटते. त्यात बेचक्यांत चिखल्या होतात. काळ्या मातीच्या वाटेवर तर चिखल सँडलला धरून पायाचं वजनच वाढवतो, पट्टे ओढले जातात. पावसात बूट कोरडा राहणार नाही हे गृहीत धरा, आणि प्रत्येक विसाव्याला पाय उघडे ठेवून वाळवा. मुक्कामावर मिठाच्या गरम पाण्यात अर्धा तास पाय बुडवून बसायची पद्धत फोड आलेल्यांनी टाळावी; आधीच मऊ झालेली त्वचा आणखी मऊ होते. धुवा, पुसा, बोटांमध्ये कोरडं कापड फिरवा, रात्री उघडे ठेवा.

अनवाणी चालणाऱ्यांचा फोड वेगळा असू शकतो. कोजागरीला तुळजापूरला जाणारे बरेच जण अनवाणी असतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात डांबर भाजून काढतं. दोन्ही तळव्यांना एकदमच मोठे फोड आले तर ते घासण्याचे नव्हे, भाजण्याचे. त्यावर 20 मिनिटं साधं वाहतं पाणी, बर्फ नाही, सुई नाही, आणि दवाखाना. नवस अनवाणीचाच असेल तर पहाटे आणि रात्री चाला.

तयारी सहा ते आठ आठवडे आधी सुरू करा. 4-5 किलोमीटरपासून, दर आठवड्याला थोडं वाढवत, शेवटी लागोपाठ दोन दिवस 15 किलोमीटर, त्याच बूट-मोज्यात. दुसऱ्या दिवशी जिथे चुरचुरतं ती तुमची टेपची जागा. मे महिन्यात सकाळी आठच्या आत आटपा. घट्टे असतील तर आंघोळीनंतर वज्रीने हलके घासून सपाट करा, पण पूर्ण काढू नका. जाड घट्ट्याखाली आलेला फोड खोल असतो आणि सुईने सापडत नाही. पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी मैदानावर धावणाऱ्या पोरांनाही हेच लागू आहे.

आता आई. साखरेमुळे पायाची जाणीव कमी झाली असेल तर चुरचुरणंच कळत नाही, फोड फुटून मोजा ओला झाल्यावर लक्षात येतं. निघण्याआधी डॉक्टरांकडून पायाची जाणीव आणि पायातली नाडी तपासून घ्या. दोन्हीपैकी काही कमी असेल तर पूर्ण पायी चालू नये, रोजचा थोडा टप्पा चालून बाकी दिंडीच्या गाडीत. अनवाणी एक पाऊलही नाही, मंदिरात सोडून. मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा मापाचा बूट. विसाव्याला आणि रात्री तुम्ही स्वतः तिचे तळवे बघा, बेचकीसुद्धा. तिला विचारून भागत नाही. गरम पाण्यात पाय नको, भाजलेलं कळत नाही. फोड दिसला की स्वच्छ गॉजने झाका, त्या पायावर वजन थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टोचणं नाही, टेप थेट त्वचेवर नाही.

इतरांनी कधी थांबायचं? पट्टी-गादी लावून दहा मिनिटं चालल्यावरही लंगडत असाल तर त्या दिवशी गाडीत बसा. लंगडत 20 किलोमीटर चालल्यावर फोड बरा होतो, पण गुडघा आणि घोट्याची मागची शीर महिनाभर बोलते. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालेल. वेदना मारणारं इंजेक्शन घेऊन चालू नका, आणि उपाशीपोटी, घामाने सुकलेल्या अवस्थेत डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात. लाली फोडाबाहेर पसरतेय, पायावर लाल रेघ वर चढतेय, पू, ताप, किंवा जांघेत अवधाण आलंय, यातलं एकही दिसलं तर घरगुती काम संपलं. वाटेवरच्या आरोग्य पथकाकडे किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जा, ताप-थंडी भरली असेल तर 108. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते निघण्याआधीच बघा. दहा वर्षं झाली असतील तर घेऊन निघा.

दोघांच्या पिशवीत एवढं असू द्या: कागदी टेपचे तीन रोल, गॉजची दहा पाकिटं, पॅराफिनच्या दहा जाळ्या, सीलबंद सुया दहा, आयोडिनचं द्रावण 50 मिली आणि मलमाची एक ट्यूब, बारीक कात्री, नेलकटर, साबण, पाय पुसायला वेगळा पंचा, माणशी मोज्यांचे चार जोड, एक फोमचा सोल, आणि वापरलेल्या सुया टाकायला झाकणाची जाड प्लॅस्टिकची बाटली. निघायच्या आदल्या दिवशी नखं सरळ कापा, कोपरे खोल घेऊ नका.